दोन सुरांमधली वाट

आकाशात चढणे अवघड की आकाशातून उतरणे अवघड, असा प्रश्न नवख्या माणसास केला तर तो बहुधा चढण्याचे नाव घेईल. वैमानिक मात्र उतरण्याचे घेतो. वर गेल्यावर विमानास सारे आकाश मोकळे असते. चार हात इकडे अथवा तिकडे झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. उतरताना ताशी अडीचशे किलोमीटरांहून अधिक वेगाने येणाऱ्या अवजड यंत्रास पंचेचाळीस किंवा साठ मीटर रुंदीच्या पट्टीवर, आणि तिच्याही एका ठरावीक भागातच, चाके टेकवावी लागतात. दिवस स्वच्छ असला तर हे काम डोळे करतात. परंतु पौषात दिल्लीवर पहाटेचे धुके उतरले, किंवा आषाढात मुंबईवर ढग अगदी खाली लोंबू लागले, म्हणजे डोळ्यांचा आधार सुटतो. अशा वेळी वैमानिकास वाट दाखविणारी सामग्री धावपट्टीच्या टोकापलीकडे, गवतात, एका रांगेत उभी असते. विमान धावपट्टीकडे वळताना खिडकीशी बसलेल्या प्रवाशाने ती अनेकदा पाहिलेली असते; पण तांबूस-नारिंगी रंगाचे ते एखादे कुंपण असावे, असे समजून तो नजर वळवितो.

ते कुंपण नव्हे. ते आकाशक आहेत; म्हणजे व्यवहारात ज्यास एरियल अथवा अँटेना म्हणतात तेच. त्यांच्या ह्या योजनेस ‘इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम’, थोडक्यात आय. एल. एस., असे नाव आहे.

डोळे झाकून विमान उतरविता येईल काय, ह्या प्रश्नाचे पहिले ठाम उत्तर २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत मिळाले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड ह्या विमानतळावर जेम्स डूलिटल हा लष्करी वैमानिक आपल्या आसनावर कापडाची झाकण घालून बसला. बाहेरचे त्यास काहीही दिसत नव्हते. पुढच्या आसनावर बेन केल्सी हा दुसरा वैमानिक, वेळ पडली तर हात घालण्यापुरता, बसविलेला होता. डूलिटलने विमान उडविले, फिरवून आणले आणि केवळ यंत्रे पाहून पुन्हा जमिनीवर टेकविले. दिशेसाठी त्याच्यापाशी बिनतारी लहरींचा संकेत होता. उंचीसाठी मात्र त्यास हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकावरच विसंबावे लागले. म्हणजे डावे-उजवे बिनतारीने सांगितले, वर-खाली सांगावयाचे राहिले.

जर्मनीत त्यानंतर थोड्याच वर्षांत लोरेन्झ कंपनीची योजना आली. ती कानावर चालत असे. वैमानिक वाटेच्या एका बाजूस सरकला की त्यास तुटक टिंबे ऐकू येत, दुसऱ्या बाजूस सरकला की लांब रेघा. टिंबांच्या मधली मोकळी जागा रेघांनी नेमकी भरून निघेल अशी रचना असल्यामुळे, बरोबर मध्यावर आल्यावर दोन्ही मिळून एकच अखंड सूर होत असे. कल्पना सुंदर होती. तिचा पुढचा उपयोग मात्र तितका सुंदर झाला नाही. विमानांस सुखरूप घरी आणण्यासाठी काढलेली ही युक्ती १९४० साली, अधिक शक्तिमान रूपात, ब्रिटिश शहरांवर रात्री बाँब टाकावयास जाणाऱ्या विमानांस वाट दाखविण्यासाठी वापरली गेली.

आजच्या योजनेचा उगम अमेरिकेतील प्रयोगांत आहे. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून निघालेले पेनसिल्व्हेनिया सेंट्रल एअरलाइन्सचे बोइंग २४७ जातीचे विमान पिट्सबर्ग येथे हिमवादळात ह्या यंत्रणेच्या साहाय्याने उतरले. उतारूंच्या नियमित सेवेवरील विमान अशा रीतीने उतरल्याचा हा पहिला प्रसंग समजतात. महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हीच पद्धत साऱ्या जगासाठी प्रमाण म्हणून स्वीकारली. तेव्हापासून विमाने बदलली, यंत्रांच्या काचनळ्या जाऊन सूक्ष्म चकत्या आल्या, परंतु मूळ तत्त्व रेसभरही बदललेले नाही.

ते तत्त्व सराफाच्या काट्यासारखे आहे. काटा पदार्थ किती जड आहे हे सांगत नाही. कोणते पारडे जड आहे एवढेच सांगतो. दोन्ही पारडी सारखी झाली की काटा मध्यावर उभा राहतो. आय. एल. एस.च्या दोन पारड्यांत दोन सूर घातलेले असतात. एकाची कंपने सेकंदास ९०, दुसऱ्याची १५०. संगीत जाणणाऱ्यास ह्यात एक गंमत आढळेल. नव्वदाचा षड्ज धरला तर दीडशे हा त्याचा शुद्ध धैवत होतो. अर्थात यंत्रे योजणाऱ्यांनी हा विचार केलेला नव्हता, आणि वैमानिकही हे सूर ऐकत बसत नाही. विमानातील ग्राहकयंत्र ते वेगवेगळे करून त्यांची तुलना करते आणि तुलनेचा निकाल एका सुईने दाखविते. वाटेच्या डाव्या अंगास नव्वदाचा सूर प्रबळ असतो, उजव्या अंगास दीडशेचा. दोन्ही समसमान असतील ती जागा म्हणजे धावपट्टीच्या मध्यरेषेची आकाशात वाढविलेली रेघ.

आता हे सूर डावीउजवीकडे असे वाटून कसे देतात, हा खरा कौशल्याचा भाग आहे. एक आकाशक डावीकडे तोंड करून आणि दुसरा उजवीकडे तोंड करून उभा केला, इतके ते सरळ नाही. ज्या यंत्रणेस ‘लोकलायझर’ म्हणतात तिचे आकाशक धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे साधारण तीनशे मीटरांवर, मध्यरेषेला काटकोनात, ओळीने रोवलेले असतात. दहा-बारापासून वीस-चोवीसपर्यंत त्यांची संख्या असू शकते. त्या सर्वांस दोन प्रकारचे प्रवाह पुरविले जातात. पहिल्या प्रकारच्या प्रवाहावर दोन्ही सूर सारख्याच प्रमाणात चढविलेले असतात आणि तो ओळीच्या दोन्ही अर्ध्या भागांस एकाच तालात जातो. दुसऱ्या प्रकारात वाहक लहर नसते, नुसते सूर असतात. आणि तो प्रवाह डाव्या अर्ध्यास एका तालात, तर उजव्या अर्ध्यास नेमक्या उलट तालात दिला जातो. मध्यरेषेवर ह्या दुसऱ्या प्रवाहाच्या लहरी दोन्हीकडून येऊन परस्परांस पुसून टाकतात, आणि उरतात ते पहिल्याचे समान सूर. मध्यरेषा सोडून डावीकडे गेल्यास ही पुसापुस पुरी होत नाही. जे शिल्लक राहते ते नव्वदात मिळते आणि दीडशेतून वजा होते. उजवीकडे ह्याच्या उलट. म्हणजे मध्यावरची वाट दोन लहरींच्या गैरहजेरीने आखलेली असते. धावपट्टीच्या उंबरठ्यापाशी सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास जेमतेम दोनशे दहा मीटरांचे अंतर पुरते, इतकी ही वाट तेथे अरुंद केलेली असते.

लोकलायझरच्या लहरी १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. नभोवाणीच्या श्रोत्यास ह्या आकड्यांची ओळख पटावी. एफ. एम. संचाची तबकडी १०८ वर संपते. जेथे गाणी व बातम्या संपतात, तेथून विमानांचा रस्ता सुरू होतो. शेजार इतका जवळचा असल्यामुळे विमानतळाभोवतीच्या जोरकस एफ. एम. केंद्रांचा उपद्रव होऊ नये म्हणून विमानातील ग्राहकयंत्रे त्या दृष्टीने कसून तपासलेली असावी लागतात.

डाव्या-उजव्याचे असे झाले. वर-खालचे काम ‘ग्लाइड स्लोप’ नावाची दुसरी यंत्रणा करते, आणि तिची कहाणी अधिक मनोरंजक आहे. तिचा मनोरा धावपट्टीच्या कडेस, उंबरठ्यापासून सुमारे तीनशे मीटर आत असतो, कारण चाके टेकावयाची ती जागा. लहरी ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झच्या. सूर तेच, नव्वद आणि दीडशे. वाटेच्या वर गेल्यास नव्वदाचा जोर, खाली गेल्यास दीडशेचा. वाट क्षितिजाशी तीन अंशांचा कोन करते. दर किलोमीटरास सुमारे बावन्न मीटर, असा हा उतार होय.

साध्या रचनेत मनोऱ्यावर दोन आकाशक असतात. एक जमिनीपासून साडेचार मीटरांच्या आसपास, दुसरा त्याच्या दुप्पट उंचीवर. परंतु खरे पाहता तेथे चार आकाशक काम करीत असतात. उरलेले दोन जमिनीच्या पोटात आहेत! तळ्याकाठच्या दिव्याचे प्रतिबिंब पाण्याखाली जितके खोल दिसते, तितकीच खोल ह्या आकाशकांची प्रतिबिंबे जमिनीखाली असल्यासारख्या लहरी वागतात. मनोऱ्यावरून सरळ निघालेली लहर आणि जमिनीवर आपटून उसळलेली लहर विमानापाशी एकत्र होतात. वरच्या आकाशकाच्या बाबतीत तीन अंशांच्या कोनावर ह्या दोन लहरी एकमेकींस नेमक्या पुसून टाकतात. आणि त्याच्याकडे नुसते सूर सोपविलेले असल्यामुळे तेथे खालच्या आकाशकाचे समान सूर तेवढे उरतात. पुन्हा तीच पुसापुशीची वाट, फक्त ह्या वेळी आडवी.

ह्याचा अर्थ असा की, मनोऱ्यापुढची जमीन हा त्या यंत्राचाच एक भाग आहे. ती सपाट पाहिजे. तिच्यावर बर्फाचा थर साचला तर आरशाची पातळी वर सरकते आणि वाट ढळते. गवत फार वाढू देता येत नाही. डोंगरमाथा तासून केलेल्या विमानतळांवर पुढची जमीन एकाएकी तुटते, म्हणजे आरसाच अपुरा पडतो. तेथे तीन आकाशकांची निराळी जुळवाजुळव करून जमिनीवर पडणारी ऊर्जा कमी करतात. शिवाय ह्या प्रतिबिंबांच्या खेळातून तीन अंशांच्या वर, नऊ अंशांसारख्या कोनावर, आणखी खोट्या वाटाही निर्माण होतात. म्हणून वैमानिकास खालून येऊन वाट धरावी असे शिकवितात. खालून येणाऱ्यास पहिली भेटते ती खरी.

सुई मध्यावर आहे, मग निश्चिंत व्हावयास काय हरकत आहे? पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर २००० सालच्या जुलैअखेर ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ऑकलंडहून निघालेले एअर न्यूझीलंडचे बोइंग ७६७ जातीचे विमान काळोख्या रात्री फालेओलो विमानतळावर उतरत होते. उड्डाणाचा क्रमांक ६०. विमानात पावणेदोनशेच्या आसपास माणसे. ग्लाइड स्लोपची सुई मध्यावर आली आणि मध्यावरच राहिली. यंत्रात बिघाड झाल्यास बाहेर येणारी तांबडी पट्टी आली नाही. स्वयंचलित चालकाने ती वाट पकडून विमान खाली नेण्यास आरंभ केला. सारे अगदी बिनचूक दिसत होते. किंबहुना जरा जास्तच बिनचूक. मार्गावर असलेल्या विमानाची सुई थोडी तरी हलते, ही खिळल्यासारखी होती.

झाले होते ते असे. देखभालीच्या कामात ग्लाइड स्लोपचे यंत्र अशा स्थितीत राहून गेले होते की, त्यावर नजर ठेवणाऱ्या पहारेकरी उपकरणास ते बंद पाडता येत नव्हते. आणि नियंत्रण मनोऱ्यास त्याची खबर देणारी व्यवस्थाही तार तुटल्यामुळे निकामी झालेली होती. यंत्रातून फक्त पहिल्या प्रकारचा प्रवाह बाहेर पडत होता, ज्यावर दोन्ही सूर समसमान असतात. फरक घडविणारा दुसरा प्रवाह नव्हताच. सराफाच्या भाषेत सांगावयाचे तर, दोन्ही पारड्यांत सारखी वजने कायमची चिकटवून ठेवलेली होती. विमान वर असो, खाली असो, काटा मध्यावरच राहणार. आणि सूर येत आहेत म्हटल्यावर तांबडी पट्टी तरी कशाने बाहेर यावी?

विमान खाली येत राहिले. तथापि वैमानिकांपुढे आणखी एक आकडा होता: विमानतळापासूनचे अंतर. इतक्या अंतरावर इतकी उंची असावयास हवी, हा हिशेब जमेना. बेटावरचे दिवेही जेथे दिसावयास हवे तेथे दिसत नव्हते. पाण्यापासून चारशे फुटांच्या आसपास उंची उरलेली असताना, धावपट्टी अद्याप पाच-सहा सागरी मैल दूर असताना, त्यांनी विमान वर उचलले. दुसऱ्या खेपेस त्यांनी ग्लाइड स्लोपकडे दुर्लक्ष केले, फक्त लोकलायझर आणि अंतर ह्यांवर भिस्त ठेवली आणि विमान सुखरूप उतरविले. कोणासही ओरखडा उठला नाही. कंपनीने ही घटना झाकून न ठेवता तिच्यावर प्रशिक्षणासाठी चित्रपट काढला आणि त्यास ‘फुकट मिळालेला धडा’ अशा अर्थाचे नाव दिले, हे तिला भूषणावह आहे.

असा धडा सर्वांना फुकट मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी, ६ ऑगस्ट १९९७ च्या पावसाळी रात्री, कोरियन एअरचे ८०१ क्रमांकाचे विमान ग्वाम बेटावर उतरताना निमिट्झ टेकडीवर आदळले. तेथील ग्लाइड स्लोप दुरुस्तीसाठी बंद होता आणि तशी सूचना आधीच निघालेली होती. तरीही तो चालू आहे की काय, ह्याविषयी चालकांमध्ये घोटाळा झाला. त्यात अंतर सांगणारे यंत्र विमानतळावर नसून वाटेतल्या त्याच टेकडीवर होते. विमानातील २५४ माणसांपैकी २२८ दगावली.

कधी यंत्र शाबूत असते आणि अडथळा असतो तो दुसऱ्याच विमानाचा. विमान म्हणजे धातूची हलती भिंत. लोकलायझरच्या लहरी तिच्यावरून परावृत्त होतात आणि आखलेली रेघ वाकते. म्यूनिक येथे ३ नोव्हेंबर २०११ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ स्वयंचलित रीतीने उतरत असता नुकतेच उडालेले एक लहान विमान लोकलायझरच्या आकाशकांसमोरून गेले. मोठे विमान ऐन टेकण्याच्या क्षणी एकीकडे कलले, धावपट्टी सोडून गवतात गेले, पट्टी ओलांडून पुन्हा दुसऱ्या बाजूच्या गवतात जाऊन थांबले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. त्या दिवशी दृश्यता कडक बंदोबस्त करण्याइतकी कमी नव्हती, म्हणून आकाशकांसमोरची जागा मोकळी राखलेली नव्हती. धुक्यात ती राखावीच लागते. विमाने एकमेकांमागे अधिक अंतर ठेवून येतात, आणि धुक्याच्या दिवशी उशीर होतो त्याचे एक कारण हेही आहे. प्रतीक्षागृहात घड्याळाकडे पाहून चडफडणाऱ्या उतारूस हे कोणी समजावून सांगत नाही.

नुसते यंत्र आहे म्हणून कोणत्याही धुक्यात उतरता येते, असे मात्र नव्हे. यंत्रणेच्या विश्वासार्हतेप्रमाणे तिच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत दोनशे फुटांवर वैमानिकास निर्णय करावा लागतो. धावपट्टी अथवा तिचे दिवे दिसले तर पुढे, न दिसले तर वर. त्या उंचीवरून जमीन गाठावयास सुमारे सोळा सेकंद लागतात. तेव्हा निर्णयास वेळ किती, ह्याची कल्पना करावी. दुसऱ्या श्रेणीत ही उंची शंभर फूट होते. तिसऱ्या श्रेणीच्या कडक प्रकारांत धावपट्टीवरील दृश्यता शंभर मीटरांच्याही खाली गेली तरी विमान स्वतःच उतरते. वैमानिक केवळ देखरेख करतो. उतारू घेऊन जाणाऱ्या विमानाने जमिनीजवळचा अखेरचा टप्पा स्वयंचलित रीतीने पार पाडण्याची पहिली वेळ १० जून १९६५ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आली. ते पॅरिसहून आलेले ट्रायडंट जातीचे विमान होते. दिल्लीच्या धुक्यासाठी तेथे तिसऱ्या श्रेणीची यंत्रणा बसविलेली आहे. परंतु यंत्रणा, विमान आणि वैमानिक ह्या तिघांचीही त्या श्रेणीसाठी पात्रता असावी लागते. तिघांपैकी एक कमी पडला की विमान दुसऱ्या गावी वळविले जाते.

श्रेणी जितकी वरची तितका पहारा कडक. आकाशकांपुढे ठेवलेली पहारेकरी उपकरणे सूर क्षणोक्षणी तोलीत असतात. वाट ढळली तर तिसऱ्या श्रेणीत दोन सेकंदांच्या आत प्रक्षेपण बदलले अथवा थांबविले पाहिजे, असा दंडक आहे. चुकीची वाट दाखविण्यापेक्षा न दाखविलेली बरी. शिवाय ठरावीक काळाने खास विमान त्या वाटेवरून पुन्हापुन्हा ये-जा करून सुईचे प्रत्येक चलन नोंदवून घेते. भारतात हे काम विमानतळ प्राधिकरणाची तपासणी विमाने करतात.

ह्या साऱ्या खटाटोपास पर्याय शोधण्याचे प्रयत्न झालेले आहेत. सूक्ष्मलहरींवर चालणारी एक पद्धत १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केली. ती जुन्या पद्धतीची जागा घेईल असे तेव्हा वाटत होते, पण तसे घडले नाही. आता भर उपग्रहांवर आहे. भारताच्या अंतराळ संशोधन संस्थेने आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेली ‘गगन’ ही योजना उपग्रहांनी दिलेल्या स्थानातील चुका दुरुस्त करून विमानास कळविते. तिच्या आधारे इंडिगो कंपनीचे ए. टी. आर. जातीचे विमान २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगढ येथे उतरले. ह्या पद्धतीत धावपट्टीच्या टोकाशी आकाशकांची रांग लागत नाही, मनोऱ्यापुढची जमीन आरशासारखी राखावी लागत नाही. लहान विमानतळांस ती फार सोयीची आहे. परंतु ती वैमानिकास काही उंचीपर्यंतच आणून सोडते, पुढे धावपट्टी त्याच्या डोळ्यांस दिसावीच लागते. दाट धुक्यात दिल्लीस उतरणारी विमाने अद्याप नव्वद आणि दीडशे ह्या दोन सुरांच्या मधूनच येतात, आणि म्हणून ग्लाइड स्लोपच्या मनोऱ्यापुढचे गवत वेळच्या वेळी कापावे लागते.